डबल स्लिटचा संच घ्या, पण पुस्तिकेतलं पाचवं प्रकरण मला मान्य नाही

दिवाळीच्या सुट्टीत लेकीसाठी प्रकाशाचा डबल स्लिटचा, म्हणजे दोन बारीक फटींचा, एक प्रयोगसंच घेतला. ठाण्यात तलावपाळीच्या मागच्या गल्लीत शाळा-कॉलेजांना लॅबचं सामान पुरवणारं एक जुनं दुकान आहे, तिथून. किंमत २,८५० रुपये. दोन महिने आम्ही दोघींनी तो भरपूर वापरला, म्हणून आता लिहिते. संचाबद्दल मला बरंच चांगलं सांगायचं आहे. सोबतच्या पुस्तिकेच्या एका प्रकरणाबद्दल मात्र मनापासून तक्रार आहे, आणि ती नीट कारणांसकट मांडायची आहे.

आधी माझ्याबद्दल, म्हणजे मी कुठून बोलते आहे ते कळेल. मी फिजिक्सवाली नाही. बीएस्सी केमिस्ट्रीत केलं आणि गेली बावीस वर्षं ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलला आहे. राहायला ऐरोलीत. गोळ्यांचं वजन करणं, नमुने काढणं, आकडे लिहिणं, बॅच पास किंवा नापास करणं हे माझं रोजचं काम. लेक अकरावी सायन्सला आहे आणि तिला 'क्वांटम' या शब्दाचं वेड लागलं आहे. व्हिडिओ बघून बघून ती जे बोलायची त्यातलं किती खरं हे मला सांगता येत नव्हतं. म्हटलं, हातानं करून बघू.

खोक्यात काय आहे: प्लायवूडची हातभर लांब पट्टी, तिच्या खाचेत सरकणारे चार स्टँड, लाल लेसर, काचेच्या तीन स्लाइड (एक फट, दोन फटी आणि बारीक जाळी), गोल कड्यांत बसवलेले तीन पोलरॉइड (एकाच दिशेनं कंपणारा प्रकाश जाऊ देणारे फिल्टर), प्रकाश दोन वाटांना पाठवणारा एक काचेचा ठोकळा, आणि छत्तीस पानांची पुस्तिका. पोलरॉइडच्या कड्यांवर दर दहा अंशांना खूण आहे आणि ती खूण पुसट नाही, याचं मला फार बरं वाटलं. पुस्तिका मराठीत आहे. नुसती मराठीत नाही, चांगल्या मराठीत आहे. पहिली चार प्रकरणं ज्यांनी लिहिली त्यांना शिकवायची सवय असणार. तरंगलांबी म्हणजे काय हे त्यांनी खाडीतल्या लाटांवरून सांगितलंय आणि ते लेकीला एका वाचनात कळलं.

उणिवा पटकन सांगून टाकते. लेसरचं बटण दाबून धरावं लागतं, कायम चालू ठेवायची सोय नाही. आम्ही त्याला कपड्यांचा चिमटा लावला. बटण सेल दोन शनिवार-रविवारांत संपले. लेसरवर '५ मिलिवॉटपेक्षा कमी' एवढंच छापलं आहे. डोळ्यांच्या सुरक्षिततेचा वर्ग कोणता ते लिहायला हवं होतं, कारण हा संच मुलांच्या हातात जाणार आहे. काचेच्या ठोकळ्याचा एक कोपरा उडालेला निघाला. पुढच्या शनिवारी परत घेऊन गेले तर दुकानदारांनी एक शब्द न काढता बदलून दिला.

आता मुख्य प्रयोग. हॉलची खिडकी बंद केली तरी रस्त्यावरचा दिवा आत येतो, म्हणून पडद्यावर गोधडी टाकली. टीव्हीखालच्या टेबलावर पट्टी ठेवली आणि समोरच्या भिंतीवर पांढरा कागद चिकटवला. स्लाइडपासून कागदापर्यंत शिवणाच्या टेपनं बरोबर ३ मीटर. लेसर लावला, दोन फटींची स्लाइड सरकवली, आणि भिंतीवरचा लाल ठिपका आडवा पसरून त्याचे पट्टे झाले. उजेड, अंधार, उजेड, अंधार. मधले पट्टे ठळक, कडेला फिकट होत गेलेले. लेक नुसती बघत उभी राहिली. मग मी तिच्या हातात टोक काढलेली पेन्सिल दिली आणि म्हटलं, प्रत्येक उजळ पट्ट्याच्या मध्यावर खूण कर.

नऊ उजळ पट्टे, म्हणजे मधली आठ अंतरं. पहिल्यापासून नवव्यापर्यंत ६३ मिलिमीटर. एक अंतर ७.८७५. दोन फटींमधलं अंतर पुस्तिकेत ०.२५ मिलिमीटर दिलं आहे. पट्ट्यांमधलं अंतर गुणिले फटींमधलं अंतर, भागिले भिंतीपर्यंतचं अंतर. प्रकाशाच्या तरंगलांबीचं उत्तर आलं ६५६ नॅनोमीटर. लेसरवर छापलं होतं ६५०. शिवणाची टेप, पेन्सिल आणि भिंत वापरून केसाच्या जाडीहून कितीतरी बारीक गोष्ट मोजली आणि एक टक्क्याच्या आत आली. कंपनीत लाखांची यंत्रं वापरते मी, पण असा आनंद फार दिवसांनी झाला. एवढ्यासाठीसुद्धा २,८५० रुपये वसूल आहेत.

आणि मग आलं पाचवं प्रकरण. त्याचं म्हणणं असं: भिंतीवर तुम्ही पाहिलेले काळे पट्टे हा समांतर विश्वांचा पुरावा आहे. फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा कण, एकेकटा जातो तरी पट्टे पडतात, याचा अर्थ शेजारच्या विश्वांतले फोटॉन येऊन त्याला ढकलतात. पुढच्या पानावर तर आपण घेतलेल्या प्रत्येक निर्णयागणिक विश्वाच्या दोन फांद्या होतात आणि न निवडलेल्या वाटेवर दुसरे आपण चालत असतो, असं ठाम विधान आहे. 'असं काही शास्त्रज्ञ मानतात' अशी चार अक्षरंही कुठे नाहीत.

हा पुरावा नाही. पहिली गोष्ट, या संचात फोटॉन एकेकटा जातच नाही. लेसरची ताकद १ मिलिवॉट धरली तरी या रंगाच्या प्रकाशाचे सेकंदाला सुमारे ३३ लाख अब्ज फोटॉन निघतात. तीन मीटर जायला प्रकाशाला एका सेकंदाचा दहा कोटीवा भाग लागतो. फटींमधून शंभरातला एकच पार गेला असं धरलं, तरी कुठल्याही क्षणी आमच्या हॉलच्या हवेत तीन लाखांवर फोटॉन एकदम धावत होते. थॉमस यंगनं एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला प्रकाशाचं हे व्यतिकरण (दोन लाटा एकमेकींत मिसळून पट्टे पडणं) दाखवलं तेव्हा त्याला फोटॉन माहीतही नव्हता, लाटांनी त्याचं काम भागलं. आमच्या भिंतीवरचे पट्टेही लाटांनी समजतात.

एकेकट्याचे प्रयोग खरोखर झाले आहेत आणि ते पुस्तिकेत यायला हवे होते. जी. आय. टेलर यांनी १९०९ मध्ये प्रकाश इतका मंद केला की एका फोटोला सुमारे तीन महिने लागले, तरी पट्टे आले. जपानात तोनोमुरा आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये एकेक इलेक्ट्रॉन सोडून ठिपक्या-ठिपक्यांनी पट्टे भरताना दाखवले. ते विलक्षणच आहे. पण ते पट्टे नील्स बोरच्या मतानं (मोजमाप केलं की एकच निकाल उरतो) जसे येतात तसेच डेव्हिड बोमच्या १९५२ च्या मांडणीनं (कणाला लाट वाट दाखवते) येतात, तसेच अनेक-जगंवाल्यांच्या, म्हणजे समांतर विश्वं मानणाऱ्यांच्या, मतानंही येतात. तिघांचं गणित पट्टे एकाच जागी टाकतं. तीन उमेदवारांनी एकाच प्रश्नपत्रिकेत सारखे मार्क मिळवले तर त्यातल्या एकालाच पास म्हणता येत नाही. आमच्याकडे ज्या चाचणीत सगळेच नमुने सारखे वागतात ती चाचणी त्यांच्यात फरक करायला वापरत नाहीत, इतकी ही साधी गोष्ट आहे.

ज्यांची ही समांतर विश्वांची कल्पना आहे त्यांच्यावर मात्र मला अन्याय करायचा नाही. ह्यू एव्हरेट यांनी ती प्रिन्स्टनला जॉन व्हीलर यांच्या हाताखाली पीएचडी करताना मांडली, १९५७ मध्ये ती छापून आली. त्यांचं म्हणणं प्रामाणिक होतं. अणू आणि कण कसे वागतात हे सांगणारं १९२६ चं श्रोडिंगरचं समीकरण सगळीकडे लागू आहे ना, मग मोजमाप करताना ते अचानक थांबतं आणि दुसराच नियम सुरू होतो असं का मानायचं? मोजणारा माणूस, त्याचं यंत्र, दोन्ही अणूंचेच बनलेले. समीकरण सगळ्यांना लावा आणि जे निघेल ते माना. जे निघतं त्यात सगळे निकाल एकदम शिल्लक राहतात. 'अनेक जगं' हे नाव पुढे ब्राइस डिविट यांच्या १९७० च्या लेखामुळे रुळलं. एव्हरेट १९५९ मध्ये कोपनहेगनला बोर यांना भेटून आले, पण तिथे कुणाला ते पटलं नाही. तोवर ते संरक्षण खात्याच्या कामात शिरलेही होते, विद्यापीठात परत आलेच नाहीत. १९८२ मध्ये, एक्कावन्नाव्या वर्षी गेले. माणूस धाडसी होता. आणि प्रश्न त्यांनी योग्य जागी विचारला होता, हे मी मानते.

दर वेळी नवं विश्व तयार व्हायला ऊर्जा कुठून येते, असा आक्षेप लोक पहिल्यांदा घेतात. मीही घेतला होता. तो टिकत नाही. त्या गणितात सगळ्या फांद्यांची मिळून ऊर्जा तेवढीच राहते, शून्यातून काही निर्माण होत नाही. माझी अडचण दुसरीच आहे आणि ती याच संचातल्या पोलरॉइडनी माझ्यासमोर आणून ठेवली.

तो प्रयोग पुस्तिकेच्या तिसऱ्या प्रकरणात आहे. एका पोलरॉइडमधून प्रकाश सोडायचा, दुसरा त्याच्यापुढे धरायचा आणि एक फिरवत जायचं. दोघांची दिशा एक असली की प्रकाश पूर्ण जातो, काटकोनात असली की अंधार. मधल्या कोनांना किती जातो ते मोजायचं. एका मोबाइलचा टॉर्च आणि दुसऱ्यावर उजेड मोजायचं ॲप, एवढं पुरतं. पहिल्या दिवशी आकडे वेडेवाकडे आले. एकाच कोनाला दोनदा मोजलं तर दोन उत्तरं.

आमच्या सोसायटीत भाभा अणुसंशोधन केंद्रातून निवृत्त झालेले एक काका राहतात, त्यांना विचारलं. त्यांनी मोबाइल हातात घेतला, तिरका करून बघितला आणि म्हणाले, "अगं, या स्क्रीनच्या काचेखाली स्वतःचाच एक पोलरॉइड आहे. सेन्सरकडचा फिल्टर फिरवलास तर तुझे दोन फिल्टर नाहीत, तीन होतात. सेन्सरकडचा पक्का ठेव आणि टॉर्चकडचा फिरव." तसं केलं. मध्ये काळ्या कार्डशीटची नळी लावली, बाहेरचा उजेड येऊ नये म्हणून. आता आकडे जागेवर बसले. शून्य अंशाला ४१२ लक्स (उजेडाचं एकक), तीस अंशाला ३०७, पंचेचाळीसला २०८, साठला १०५, नव्वदला ३. म्हणजे तिसाला पाऊण, पंचेचाळिसाला निम्मा, साठाला पाव. कोसाइनचा वर्ग, अगदी पुस्तकात असतो तसा. मोबाइलचा लक्स-आकडा खरा धरू नये, पण दोन आकड्यांचं गुणोत्तर चांगलं मिळतं.

(दोन पोलरॉइड काटकोनात ठेवून अंधार करायचा आणि मग तिसरा त्यांच्या मध्ये पंचेचाळीस अंशांत घालायचा. आणखी एक अडथळा घातल्यावर उजेड परत येतो. हे जरूर करून बघा. या संचातली ही सगळ्यात सुंदर पाच मिनिटं आहेत.)

काका तेव्हा चहाला थांबले. ते स्वतः अनेक-जगं मानणारे आहेत हे मला तेव्हाच कळलं. मी पोलरॉइड तीस अंशांवर ठेवला आणि विचारलं, "काका, एकच फोटॉन इथं आला. पाचवं प्रकरण म्हणतं, विश्वाच्या दोन फांद्या झाल्या. एकीत तो पार गेला, एकीत अडकला. दोन फांद्या. मग माझ्या मीटरवर पाऊण का येतं? निम्मं यायला हवं."

"फांद्या मोजायच्या नसतात," काका म्हणाले. "प्रत्येक फांदीला वजन असतं. पार गेली तिचं वजन पाऊण, अडकली तिचं पाव."

"पण वजन कशावर करायचं?"

"ते समीकरणातूनच येतं. अँप्लिट्यूडचा, म्हणजे लाटेच्या उंचीचा, वर्ग."

इथेच माझं अडलं, आणि दोन महिने झाले, तिथेच अडलेलं आहे. मी आयुष्यभर वजनं केली आहेत. गोळी ५०२ मिलिग्रॅमची आहे असं मी लिहिते तेव्हा टेबलावर एक तराजू असतो. रोज सकाळी प्रमाणित वजनं ठेवून तो तपासलेला असतो. त्या आकड्यामागे काहीतरी दाखवता येतं. फोटॉनच्या बाबतीत माक्स बॉर्न यांनी १९२६ मध्ये सांगितलं की अँप्लिट्यूडचा वर्ग म्हणजे शक्यता. वर्ग घ्यायचा हे त्यांनी निबंधाच्या तळटीपेत दुरुस्ती म्हणून घातलं होतं, आणि पुढे १९५४ मध्ये त्यांना नोबेल मिळालं ते मुख्यतः या अर्थाबद्दल. त्यांच्या वाक्याचा अर्थ मला कळतो. हजार फोटॉन आले तर साडेसातशेच्या आसपास पार जातील, बाकीचे जाणार नाहीत. मीटरवर दिसतं ते हेच.

पण सगळंच होत असेल तर? तो पार जाणं नक्की आणि अडकणंही नक्की. दोन्ही शंभर टक्के. मग शंभरातले पंचाहत्तर म्हणजे कशातले पंचाहत्तर? 'शक्यता' हा शब्द तिथे उभाच राहत नाही, कारण होणार आणि न होणार अशी विभागणीच उरलेली नाही.

मी काकांना कागदावर मांडून दाखवलं. हजार फोटॉन एकामागून एक सोडले. प्रत्येकाला दोन फांद्या. म्हणजे दोनाचा हजारावा घात इतक्या फांद्या, आणि प्रत्येकीत एक मी बसलेली, हातात वही घेऊन. नुसत्या फांद्या मोजल्या तर त्यांतल्या बहुतेक सगळ्या अशा आहेत जिथे पाचशेच्या आसपास पार गेले. तिथल्या मी वहीत 'निम्मे' असं लिहून कोसाइनच्या वर्गाचा नियम चुकीचा ठरवणार. पाऊण लिहिणाऱ्या मी संख्येनं अगदी थोड्या. मग बहुसंख्य मींना बाजूला का सारायचं? कारण त्यांच्या फांद्यांचं वजन नगण्य. आणि नगण्य वजनाकडे दुर्लक्ष का करायचं? कारण ते घडण्याची शक्यता नगण्य. म्हणजे जो नियम समीकरणातून आपोआप निघायला हवा होता तोच आपण मागच्या दारानं परत आत घेतला.

काकांनी सांगितलं की यावर काम झालेलं आहे. डेव्हिड डॉइच यांनी १९९९ मध्ये दाखवायचा प्रयत्न केला की अशा फुटणाऱ्या विश्वात राहणारा विवेकी माणूस पैज लावताना वर्गाचाच नियम वापरेल, आणि नंतर डेव्हिड वॉलेस यांनी ते बरंच घट्ट बांधलं. मी त्याबद्दल मिळेल ते वाचलं. गणित मला सगळं झेपलं नाही, गाभा कळला. तो असा की, माणसानं आपली पसंती कशी ठरवावी याचे काही नियम मानले तर वर्ग येतो. पण मला माणसाची पसंती विचारायचीच नव्हती. फिल्टरमधून किती प्रकाश येतो हे विचारायचं होतं. हॉलमध्ये कुणीच नसताना टॉर्च चालू ठेवला तरी मीटरवर ३०७ च येतात. एड्रियन केंट यांनी १९९० मध्येच अनेक-जगं या मांडणीविरुद्ध एक निबंध लिहिला आहे. आपल्यासारख्या सामान्य वाचणाऱ्याला वाटणारी शंका भौतिकशास्त्रातल्या माणसांनाही वाटते, एवढं कळलं तरी धीर येतो.

काकांचं शेवटचं म्हणणं इथे द्यायला हवं, कारण ते खरं आहे. ते म्हणाले, "तुझा मुद्दा जुना आहे आणि तो मिटलेला नाही, हे मला मान्य. पण बाकीच्यांकडे तरी काय आहे? मोजमाप म्हणजे नेमकं काय, ते कुठल्या क्षणी होतं, हे बोरनं तरी सांगितलं का? आणि आमची मांडणी नापास होऊ शकत नाही असंही नाही. मोठ्या वस्तूंना समीकरण लागू पडत नाही असं उद्या प्रयोगात दिसलं, तर अनेक-जगं संपली." हे बरोबर आहे. १९८६ मध्ये घिरार्डी, रिमिनी आणि वेबर यांनी समीकरणातच बदल सुचवणारी मांडणी केली, आणि तशा मांडण्या प्रयोगानं तपासता येतात. मी म्हणाले, "काका, समीकरण नापास झालं तर तुम्ही नापास, हे मान्य. पण समीकरण पास झालं तर तुमच्याबरोबर बाकीचेही पास होतात ना?" त्यांनी कप खाली ठेवला आणि हसून मान हलवली. आमचं हे बोलणं अजून चालू आहे, आणि ते या संचामुळे सुरू झालं, हेही इथे नोंदवायला हवं.

आता निर्णयांच्या फांद्यांचं पान. ते मला सगळ्यात जास्त लागलं, त्याचं कारण सांगते. गेल्या वर्षी मी एक बॅच रोखली होती. इंडियन फार्माकोपियाप्रमाणे (औषधांच्या दर्जाचं भारतातलं अधिकृत नियमपुस्तक) वीस गोळ्यांचं एकेक वजन करतात. अडीचशे मिलिग्रॅम किंवा त्याहून जड गोळी असेल तर सरासरीपासून पाच टक्क्यांच्या बाहेर दोनापेक्षा जास्त गोळ्या जाता कामा नयेत, आणि एकही दहा टक्क्यांच्या बाहेर जाता कामा नये. माझ्या वीसमध्ये तीन बाहेर गेल्या. महिनाअखेर होती, गाडी लागलेली होती, सगळ्यांचे चेहरे मला दिसत होते. मी सही केली नाही. घरी येऊन हे मी लेकीला सांगितलं होतं. पाचवं प्रकरण वाचल्यावर ती स्वयंपाकघरात आली आणि म्हणाली, "आई, मग दुसऱ्या जगात तू सही केलीसच ना? ती बॅच तिकडे गेलीच असेल."

पोळी तव्यावर होती, ती मी उतरवली आणि गॅस बंद केला. तिनं खोडी काढायला विचारलं नव्हतं. तिला खरंच वाटत होतं की आपण काहीही केलं तरी बेरीज तीच. सोळा वर्षांच्या मुलीच्या हातात आपण हे 'सिद्ध झालेलं विज्ञान' म्हणून देतो आहोत.

मी तिला जे सांगितलं ते काकांकडून पक्कं करून घेतलेलं आहे. एव्हरेटची मांडणी जशीच्या तशी खरी मानली तरी ती 'कल्पना करता येईल ते सगळं कुठेतरी घडतं' असं म्हणत नाही. समीकरणातून जे निघतं तेच घडतं, आणि त्यांच्याच भाषेत सांगायचं तर ज्याचं वजन जास्त तेच मुख्य. माणसाचा निर्णय हा पोलरॉइडवर आलेला फोटॉन नाही. बावीस वर्षांची सवय, समोरचे तीन आकडे, आणि त्या गोळ्या कुणाच्या तरी आजीच्या डब्यात जाणार आहेत याची जाणीव, हे सगळं मिळून माझा हात थांबला. कुठलं नाणं उडालं नव्हतं. ती वजनं, ती वही आणि तो हात घेऊन कितीही फांद्या फुटल्या तरी त्यांतल्या जवळजवळ सगळ्यांत मी सही करत नाही. म्हणजे ज्या मताच्या नावानं ते पान लिहिलं आहे त्या मताचंही ते पान म्हणणं नाही. लेकीनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मग असं छापलं कशाला?" त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

म्हणून मी उत्पादकांना लिहिलं. मोजमापांची आमची सारणी जोडली, कोन आणि आकडे दोन्ही. तीन गोष्टी सुचवल्या. पाचव्या प्रकरणाच्या शीर्षकातला 'पुरावा' शब्द काढून 'एक मत' असं करावं. त्याच प्रकरणात बोर, बोम आणि एव्हरेट या तिघांची मतं शेजारी शेजारी द्यावीत, आणि पट्टे तिघांच्याही मते सारखेच पडतात हे सांगावं. आणि मोबाइलच्या स्क्रीनमधल्या पोलरॉइडची सूचना तिसऱ्या प्रकरणात घालावी, नाहीतर घरोघरी मुलांना वाटेल की आपलंच चुकतंय. नऊ दिवसांनी उत्तर आलं. मोबाइलची सूचना पुढच्या छपाईत घालतो म्हणाले, सारणीबद्दल आभार मानले. पाचव्या प्रकरणाबद्दल एवढंच की मुलांना ते फार आवडतं. मी परत लिहिलं आहे. आवडतं हे मला दिसतंच आहे, माझ्या घरातलं मूलही तेच प्रकरण आधी उघडून बसलं होतं. त्यामुळेच तिथे काय छापलं आहे याची काळजी जास्त घ्यायला हवी.

संच घ्यावा का? जरूर घ्या. आठवी-नववीपासून पुढच्या कुणालाही चालेल, मोठं माणूस सोबत हवं. लेसर डोळ्यांच्या उंचीवर ठेवू नका आणि खिडकीकडे तोंड करून तर अजिबात नको, समोरच्या इमारतीत लोक राहतात. सेलचा एक जादा जोड आधीच आणून ठेवा. पाचवं प्रकरण मुलांबरोबर बसून वाचा, एकट्यानं वाचायला देऊ नका. आणि ठाण्याहून घेणार असाल तर खोकं दुकानातच उघडा. दोन फटींची स्लाइड ट्यूबलाइटसमोर धरून बघा, फटींवर गोंदाचा डाग नाही ना. आमच्या पहिल्या खोक्यातल्या स्लाइडवर तो होता, आणि काउंटरवरच दिसला म्हणून बरं झालं.